कमी विलंबाच्या ट्रॅफिकसाठी वायरलेस नेटवर्कमधील संसाधनांचे वाटप कसे आखावे

वायरलेस नेटवर्कमध्ये एखाद्या डेटा-प्रवाहाला कमी विलंब मिळवून द्यायचा म्हटले की पहिला उपाय म्हणून शेड्युलरमध्ये (कोणाला कधी पाठवू द्यायचे हे ठरवणाऱ्या भागात) त्या प्रवाहाचे प्राधान्य वाढवले जाते, आणि बऱ्याच ठिकाणी काम तेथेच थांबते. परंतु प्राधान्यामुळे फक्त रांगेतला क्रम बदलतो. पॅकेट रांगेत पुढे येण्याआधी ते पाठवण्याच्या परवानगीची वाट पाहत असते, परवानगी मिळाल्यावर स्लॉट, म्हणजे पाठवण्यासाठी ठरलेला वेळेचा तुकडा, सुरू होण्याची वाट पाहते, पाठवल्यानंतर पोचपावतीची आणि गरज पडल्यास पुनर्प्रेषणाची वाट पाहते. यांपैकी कोणतीही प्रतीक्षा प्राधान्याच्या आकड्याने कमी होत नाही. म्हणून या मार्गदर्शिकेत शेड्युलरचे सूत्र मध्यावर येते, आणि त्याआधी पॅकेट नेमके कोठे थांबते याचा हिशेब येतो. उदाहरणे मुख्यतः ५जी एनआरची, म्हणजे ५जीच्या रेडिओ-मानकाची, आहेत, कारण त्यात यासाठीची साधने सर्वांत स्पष्टपणे मांडलेली आहेत. वाय-फायबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

मुदतीपासून उलटा हिशेब

सुरुवात मुदतीपासून करावी. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या सेवा-दर्जाच्या प्रमाणित तक्त्यात ५क्यूआय (सेवा-दर्जाचा क्रमांक) ८५ या वर्गासाठी पॅकेट-विलंबाची मर्यादा ५ मिलिसेकंद, त्रुटीदर एक लाखात एक आणि एका मुदतीच्या कालावधीत पाठवता येणारा कमाल डेटा २५५ बाइट इतका आहे. त्याच तक्त्यातील ८२ क्रमांकाच्या वर्गासाठी हीच मर्यादा १० मिलिसेकंद आणि त्रुटीदर दहा हजारात एक असा आहे. यातील ५ किंवा १० मिलिसेकंद केवळ रेडिओच्या टप्प्यासाठी नसतात. ती मर्यादा कोअर नेटवर्कच्या बाहेरच्या टोकापासून उपकरणापर्यंत मोजली जाते. तेव्हा पहिली वजाबाकी कोअर आणि ट्रान्सपोर्टची (कोअरला बेस स्टेशनशी जोडणाऱ्या दुव्यांची), दुसरी बेस स्टेशन व उपकरण यांना प्रक्रियेसाठी लागणाऱ्या वेळेची. समजा कोअरसाठी १ मिलिसेकंद आणि दोन्ही टोकांच्या प्रक्रियेसाठी मिळून १ मिलिसेकंद धरला, तर हवेतल्या प्रवासासाठी आणि त्यासाठीच्या सर्व प्रतीक्षांसाठी ३ मिलिसेकंद उरतात.

आता हे ३ मिलिसेकंद एका नेहमीच्या मांडणीत तपासून पाहू. सबकॅरियरमधील (बँडच्या अरुंद उप-वाहिन्यांमधील) अंतर ३० किलोहर्ट्झ आहे, म्हणजे एक स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा आहे, आणि टीडीडी (एकाच बँडवर आळीपाळीने दोन्ही दिशांचे प्रेषण) आकृतिबंध डीडीडीएसयू, म्हणजे तीन डाउनलिंक (उपकरणाकडे जाणारे) स्लॉट, एक मिश्र आणि एक अपलिंक (उपकरणाकडून येणारा), असा आहे. हा आकृतिबंध दर २.५ मिलिसेकंदांनी पुन्हा येतो. उपकरणाकडे पॅकेट तयार झाले तेव्हा अपलिंक स्लॉट नुकताच सुरू झाला असेल, तर मागणी-संदेश पाठवण्यासाठी त्याला २.५ मिलिसेकंद थांबावे लागते. बेस स्टेशन मधल्या डाउनलिंक स्लॉटमध्ये परवानगी देते, पण ती वापरण्यासाठी पुढचा अपलिंक स्लॉट लागतो, म्हणजे आणखी २.५ मिलिसेकंद. मग प्रत्यक्ष प्रेषणाचा अर्धा मिलिसेकंद. एकूण सुमारे ५.५ मिलिसेकंद झाले आणि अजून एकही पुनर्प्रेषण झालेले नाही. नेटवर्क पूर्ण रिकामे असले, दुसरा एकही वापरकर्ता नसला, तरीही ही मुदत पाळली जाणार नाही. असा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय शेड्युलरच्या वजनांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जी वाट रांगेत पाहिली जात नाही ती रांगेचे नियम बदलून कमी होणार नाही.

हाच हिशेब पूर्वनियोजित परवानगीने केला, म्हणजे प्रत्येक अपलिंक स्लॉटमध्ये त्या उपकरणासाठी जागा आधीच ठरवून दिली, तर सर्वांत वाईट स्थितीत २.५ अधिक ०.५ असे ३ मिलिसेकंद लागतात. मुदत जेमतेम पाळली जाते, परंतु पुनर्प्रेषणाला जागा राहत नाही; म्हणजे पहिल्याच प्रयत्नात एक लाखात एक ही विश्वासार्हता साधली पाहिजे. आकृतिबंध बदलून एक स्लॉट डाउनलिंक आणि एक अपलिंक असा १ मिलिसेकंदाचा केला, तर पहिला प्रयत्न १.५ मिलिसेकंदात आणि दुसरा २.५ मिलिसेकंदात पूर्ण होतो, आणि दोन प्रयत्नांवर विश्वासार्हतेचा भार विभागता येतो. मात्र टीडीडीचा आकृतिबंध एकट्या केंद्राला (बेस स्टेशनला) बदलता येत नाही. शेजारच्या केंद्रांचा आकृतिबंध वेगळा राहिला तर एकाचे डाउनलिंक दुसऱ्याच्या अपलिंकवर आदळते. म्हणून एफडीडीचा (दोन्ही दिशांना वेगळी वारंवारिता देणाऱ्या पद्धतीचा) एखादा अरुंद बँड उपलब्ध असेल, तर अशा ट्रॅफिकसाठी तो आधी तपासावा. बँडविड्थ कमी असली तरी तेथे अपलिंक सतत उघडी असते, आणि काही बाइटांच्या नियंत्रण-संदेशाला रुंद बँडपेक्षा वेळेवर उघडणारे दार जास्त उपयोगी असते.

स्लॉट किती लहान करावा

एलटीईमध्ये, म्हणजे ४जीमध्ये, वाटपाचा एकक १ मिलिसेकंदाचा सबफ्रेम होता आणि एफडीडीमध्ये पुनर्प्रेषणाचे चक्र ८ मिलिसेकंदांचे होते. एनआरमध्ये सबकॅरियर-अंतर १५, ३०, ६० किंवा १२० किलोहर्ट्झ ठेवता येते आणि त्यानुसार १४ सिम्बॉलचा (सिम्बॉल म्हणजे प्रेषणाचा सर्वांत लहान वेळ-एकक) स्लॉट १, ०.५, ०.२५ किंवा ०.१२५ मिलिसेकंदाचा होतो. शिवाय स्लॉटच्या आत २, ४ किंवा ७ सिम्बॉलचे छोटे वाटप, ज्याला मिनी-स्लॉट म्हणतात, तेही करता येते. यावरून जितके लहान तितके चांगले असा समज होतो, पण तो आकडेमोडीत टिकत नाही.

उदाहरण घेऊ. २० मेगाहर्ट्झचा कॅरियर आहे आणि सबकॅरियर-अंतर ३० किलोहर्ट्झ आहे; त्यात ५१ रिसोर्स ब्लॉक (प्रत्येकी १२ सबकॅरियरचे गट) मिळतात. हेडरसह ४० बाइटचे, म्हणजे ३२० बिटचे पॅकेट खात्रीने पोचावे म्हणून प्रत्येक रिसोर्स एलिमेंटमध्ये (एका सबकॅरियरवरच्या एका सिम्बॉलमध्ये) अर्धा बिट इतकेच भरायचे ठरवले, तर ६४० एलिमेंट लागतात. वाटपातला एक संपूर्ण सिम्बॉल पायलट संकेतांना (वाहिनी मोजण्यासाठीच्या ठरलेल्या संकेतांना) दिला असे धरले, तर ७ सिम्बॉलच्या वाटपात प्रत्येक ब्लॉकमधून ७२ एलिमेंट मिळतात आणि ९ ब्लॉक पुरतात. ४ सिम्बॉलमध्ये ३६ मिळतात आणि १८ ब्लॉक लागतात. २ सिम्बॉलमध्ये प्रत्येक ब्लॉकमधून फक्त १२ एलिमेंट मिळतात, म्हणजे ५४ ब्लॉक लागतात, आणि कॅरियरमध्ये तर ५१च आहेत. पॅकेट मावतच नाही. पायलट सिम्बॉलच्या उरलेल्या अर्ध्या सबकॅरियरवर डेटा ठेवला तर ते ३६ ब्लॉकमध्ये बसते, तरीही इतक्या थोड्या वेळासाठी जवळपास तीन चतुर्थांश बँडविड्थ एकट्या उपकरणाला द्यावी लागते.

म्हणून मुदतीत जितका मोठा मिनी-स्लॉट बसतो तितका घ्यावा. आणखी एक गोष्ट नेहमी तपासावी: उपकरण नियंत्रण-वाहिनी किती वेळा ऐकते. डाउनलिंकची परवानगी फक्त स्लॉटच्या सुरुवातीलाच ऐकली जात असेल, तर स्लॉटच्या मध्यावर आलेले पॅकेट पुढच्या स्लॉटपर्यंत थांबणारच, आणि मिनी-स्लॉट चालू असल्याचे समाधान फक्त कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये उरेल.

अपलिंक: परवानगी आधीच देऊन ठेवणे

नियमित अंतराने येणाऱ्या ट्रॅफिकसाठी पूर्वनियोजित परवानगी हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. एनआरमध्ये तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात आवर्तन, वेळ, ब्लॉक आणि कोडिंग हे सर्व आरआरसी (रेडिओ-जोडणीची मांडणी ठरवणाऱ्या) संदेशातून ठरते आणि परवानगी लगेच लागू होते. दुसऱ्यात आवर्तन आरआरसीतून येते, पण चालू-बंद करण्याचे काम नियंत्रण-वाहिनीवरच्या संदेशाने होते. वाहिनीची गुणवत्ता बदलत राहते अशा फिरत्या उपकरणांसाठी दुसरा प्रकार सोयीचा, कारण कोडिंग बदलण्यासाठी पुन्हा आरआरसीचा फेरा करावा लागत नाही. स्थिर यंत्रांसाठी पहिला पुरतो.

येथे सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे घड्याळे. समजा यंत्र दर २ मिलिसेकंदांनी एक पॅकेट पाठवते आणि परवानगीचे आवर्तनही २ मिलिसेकंद आहे. बसवताना वेळ नीट जुळवली, पॅकेट परवानगीच्या किंचित आधी येते, सगळे सुरळीत आहे. पण यंत्राचे घड्याळ आणि नेटवर्कचे घड्याळ यांत दशलक्षात २० भागांचा फरक असेल, तर दर सेकंदाला २० मायक्रोसेकंद वेळ सरकते आणि १०० सेकंदांत पूर्ण २ मिलिसेकंदांचा फेरा होतो. म्हणजे विलंबाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसू लागतो: हळूहळू एकाच दिशेने सरकत जातो, मग पॅकेटने परवानगीची वेळ ओलांडली की एकदम उडी घेतो. असा आलेख दिसला तर रेडिओत दोष शोधत बसू नये. यंत्राला नेटवर्कच्या वेळेशी जोडावे, किंवा ३जीपीपी मानकाच्या रिलीज १६ या आवृत्तीत आलेली वेळ-संवेदनशील ट्रॅफिकची पूर्वमाहिती बेस स्टेशनपर्यंत पोचेल अशी व्यवस्था करावी. त्या माहितीत पॅकेट येण्याची वेळ, आवर्तन आणि दिशा असते आणि त्यावरून शेड्युलर परवानगीची वेळ जुळवू शकतो. याच रिलीजपासून एका बँडविड्थ-भागात (उपकरणाला नेमून दिलेल्या कॅरियरच्या तुकड्यात) १२ पर्यंत अशा परवानग्या एकाच वेळी चालू ठेवता येतात, त्यामुळे वेगवेगळ्या आवर्तनांचे प्रवाह एकाच उपकरणातून पाठवणे शक्य होते.

अनियमित ट्रॅफिकचे काय, हा खरा कठीण प्रश्न आहे. कधीतरीच येणाऱ्या धोक्याच्या इशाऱ्यासाठी प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र जागा राखून ठेवणे महाग पडते, म्हणून अनेक उपकरणांना तीच जागा सामाईक देण्याचा मोह होतो. त्या मोहाला बळी पडण्याआधी टक्करीची शक्यता मोजावी. दहा उपकरणे एकच संधी वाटून घेत असतील आणि प्रत्येकाकडे त्या संधीला पाठवण्यासारखे काही असण्याची शक्यता हजारात एक असेल, तर एखादे उपकरण पाठवत असताना उरलेल्या नऊपैकी कोणीतरी त्याच वेळी पाठवण्याची शक्यता सुमारे ०.९ टक्के निघते. लक्ष्य एक लाखात एक असताना हा आकडा जवळजवळ नऊशेपट मोठा आहे. बेस स्टेशनला दोन्ही संकेत वेगळे करता येत असतील किंवा प्रत्येक पॅकेट वेगवेगळ्या जागी पुन्हा पाठवले जात असेल तर चित्र सुधारते, पण नुसती सामाईक जागा देऊन कडक मुदत पाळता येत नाही. शिवाय अशा इशाऱ्यांच्या बाबतीत उपकरणे एकमेकांपासून स्वतंत्र वागतात हे गृहीतकच लटके असते, कारण एकाच घटनेमुळे दहाही उपकरणे एकाच क्षणी बोलू लागतात.

उपकरणाच्या आतली वाटणीही पाहावी. मिळालेल्या परवानगीत कोणत्या लॉजिकल चॅनेलचा (एका प्रकारच्या डेटाच्या रांगेचा) डेटा भरायचा हे उपकरण ठरवते, आणि बंधने घातली नाहीत तर तातडीच्या डेटासाठी राखलेल्या परवानगीत सॉफ्टवेअर अपडेटचे तुकडे जाऊन बसू शकतात. त्या त्या चॅनेलला कोणते सबकॅरियर-अंतर, किती लांबीचे प्रेषण आणि पहिल्या प्रकारची पूर्वनियोजित परवानगी वापरता येईल की नाही, ही बंधने एनआरमध्ये दिलेली आहेत. ती वापरावीत.

शेड्युलरचे सूत्र

आता रांगेकडे येऊ. सर्वसाधारण डेटासाठी प्रपोर्शनल फेअर हे सूत्र रूढ आहे: वापरकर्त्याचा या क्षणी शक्य असलेला वेग भागिले त्याला आजवर मिळालेला सरासरी वेग, आणि ज्याचे गुणोत्तर मोठे त्याला स्लॉट. या सूत्रात मुदत कोठेच नाही. दुसऱ्या टोकाला ज्याची मुदत सर्वांत जवळ त्याला आधी हा नियम आहे. एकाच प्रोसेसरवरील कामांसाठी तो इष्टतम असल्याचे लिउ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवले होते. परंतु प्रोसेसरवर प्रत्येक कामाला लागणारा वेळ ठरलेला असतो आणि रेडिओवर तो वाहिनीनुसार बदलतो. निव्वळ मुदतीचा नियम लावला तर सिग्नल अगदी क्षीण असलेल्या एका उपकरणामागे अर्धी बँडविड्थ खर्ची पडते आणि त्यापायी चार चांगल्या उपकरणांच्या मुदती हुकतात.

या दोन टोकांमधला जुना आणि अजूनही उपयोगी मार्ग म्हणजे सुधारित सर्वाधिक-भारित-विलंब नियम. प्रपोर्शनल फेअरच्या गुणोत्तराला तो रांगेतल्या पहिल्या पॅकेटने आतापर्यंत पाहिलेल्या प्रतीक्षेने आणि एका वजनाने गुणतो. हे वजन मुदत हुकण्याच्या मान्य शक्यतेचा लॉगॅरिथम, त्याचे चिन्ह उलटे करून, मुदतीने भागून मिळते. विलंबाच्या मर्यादा दहा-वीस मिलिसेकंदांच्या वर असतील, उदाहरणार्थ आवाज किंवा खेळांचा ट्रॅफिक असेल, तर हे सूत्र चांगले चालते.

मर्यादा काही मिलिसेकंदांची असेल तर मात्र एका सूत्रात सगळे बसवण्याचा हट्ट सोडावा आणि दोन थर करावेत. वरच्या थरात प्रत्येक पॅकेटचा उरलेला अवकाश मोजावा, म्हणजे मुदतीपर्यंतच्या वेळेतून प्रेषण, डीकोडिंग आणि शक्य असल्यास एक पुनर्प्रेषण यांचा वेळ वजा करावा. हा अवकाश पुढच्या संधीपर्यंतच्या वेळेपेक्षा कमी झाला की ते पॅकेट आत्ताच जाणे भाग आहे. त्याहून जास्त असेल तर एखादा स्लॉट थांबून वाहिनी सुधारते का हे पाहण्याची मुभा आहे. जी पुनर्प्रेषणे मुदतीत बसतात त्यांना नव्या पॅकेटांच्या आधी घ्यावे, कारण त्यांच्यावर संसाधने आधीच खर्च झालेली असतात आणि अवकाश कमी उरलेला असतो. उरलेली जागा खालच्या थराला, म्हणजे प्रपोर्शनल फेअरला द्यावी.

मुदत उलटून गेलेले पॅकेट पाठवू नये. हे सांगण्याची गरज वाटत नाही, पण प्रत्यक्षात टाकून देण्याचा टायमर अनंतावर ठेवलेला असतो आणि शेड्युलर शिळी पॅकेटे इमानेइतबारे पोचवत बसतो, ज्यामुळे मागची ताजी पॅकेटेही शिळी होतात. सेन्सरच्या वाचनासारख्या डेटासाठी तर नवे पॅकेट आले की जुने टाकून देणेच योग्य, कारण तेथे महत्त्व त्या क्षणीच्या ताज्या मापाला असते. तसेच वरच्या थरातील प्रत्येक प्रवाहावर ठरलेल्या बाइटांची मर्यादा लावावी. बिघडलेले एखादे उपकरण सतत पाठवू लागले तर सर्वोच्च प्राधान्यामुळेच ते इतरांची मुदत बुडवते.

राखीव जागा वाया कशी घालवू नये

कमी विलंबासाठी जागा मोकळी ठेवावी लागते, हे टाळता येत नाही. साध्या यादृच्छिक रांगेच्या गणितात भार ५० टक्के असताना पॅकेटला रांग आणि सेवा मिळून लागणारा सरासरी वेळ सेवा-वेळेच्या दुप्पट असतो आणि भार ९० टक्के झाला की दहापट होतो. आणि हा तर सरासरीचा आकडा, टोकाचा विलंब याहून खूप जास्त असतो. म्हणून तातडीच्या ट्रॅफिकचा भार कमी ठेवणे भाग आहे. मात्र कार्यक्षमतेचा प्रश्न वेगळा आहे: ही मोकळी जागा कशाने भरावी? माझ्या मते या संपूर्ण विषयाचे सार येथे आहे. ती जागा मध्येच तोडता येईल अशा ट्रॅफिकने भरावी.

डाउनलिंकमध्ये हे असे चालते. मोठ्या डाउनलोडचे प्रेषण स्लॉटभर चालू आहे आणि मध्येच तातडीचे पॅकेट आले. बेस स्टेशन त्या स्लॉटमधले काही सिम्बॉल काढून घेते आणि त्यांवर तातडीचे पॅकेट पाठवते. डाउनलोड करणाऱ्या उपकरणाला हे कळले नाही तर ते परके बिट स्वतःचे समजून डीकोडिंगमध्ये मिसळते, आणि ही भेसळ पुनर्प्रेषणानंतरही त्रास देते. त्यासाठी नंतर एक सूचना पाठवली जाते. तिच्यात १४ बिटांचा नकाशा असतो, जो काळाचे १४ भाग किंवा काळाचे ७ आणि वारंवारितेचे २ भाग दाखवतो, आणि उपकरण त्या भागातले बिट टाकून देते. याच्या जोडीला कोड-ब्लॉकच्या (स्वतंत्रपणे डीकोड होणाऱ्या तुकड्यांच्या) गटांनुसार पुनर्प्रेषण चालू ठेवावे. एका ट्रान्सपोर्ट ब्लॉकचे (एका वेळी पाठवलेल्या संपूर्ण डेटाचे) ८ पर्यंत गट करता येतात आणि मोडलेला गट तेवढा पुन्हा पाठवता येतो. हे चालू नसेल तर दोन सिम्बॉलच्या चोरीसाठी पूर्ण ब्लॉक पुन्हा पाठवावा लागतो आणि बचत कागदावरच राहते.

कोणाचे प्रेषण तोडायचे हे ठरवतानाही विचार करावा. ज्याचे कोडिंग आधीच काठावर आहे किंवा ज्याची शेवटची पुनर्प्रेषणाची संधी चालू आहे त्याला वगळावे. थोडे नुकसान अनेकांत वाटले तर प्रत्येकाचे त्रुटी-सुधारक कोडिंग ते सहन करण्याची शक्यता असते, पण कोडिंग काठावर असेल तर सर्वांचेच ब्लॉक मोडतात. अशा वेळी एकाच मोठ्या ब्लॉकचे दोन गट मोडणे स्वस्त पडते.

अपलिंकमध्ये काम अवघड आहे, कारण पाठवणारे उपकरण वेगळे असते आणि त्याला थांबवण्यासाठी आधी सांगावे लागते. रिलीज १६ मध्ये तशी रद्द करण्याची सूचना आली, परंतु ती समजणारी उपकरणेच थांबतात. जुनी उपकरणे नेटवर्कमध्ये असतील तर तातडीच्या प्रेषणाची शक्ती वाढवून दोन्ही संकेत एकमेकांवर येऊ देणे, किंवा त्या उपकरणांना वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवणे, एवढेच पर्याय उरतात.

नियंत्रण-वाहिनी आणि कोडिंगची निवड

डेटासाठी जागा आहे, पण ती कळवायला जागा नाही, अशी स्थिती लहान पॅकेटांच्या नेटवर्कमध्ये वरचेवर येते. नियंत्रणाचा एक घटक सहा गटांचा असतो आणि प्रत्येक गट एका सिम्बॉलमधील एक रिसोर्स ब्लॉक असतो. त्यामुळे ४८ ब्लॉक रुंद आणि एक सिम्बॉल लांब नियंत्रण-क्षेत्रात फक्त ८ घटक मावतात. केंद्रापासून दूर असलेल्या उपकरणाला खात्रीने संदेश पोचवायला ८ घटकांचा संदेश लागला, तर त्या वेळी दुसऱ्या कोणालाही काही सांगता येत नाही. नियमित डाउनलिंक ट्रॅफिकसाठी अर्ध-स्थायी वाटप (एकदाच कळवून ठरावीक आवर्तनाने जागा देणे) वापरून हा भार कमी करावा. हेही ध्यानात ठेवावे की नियंत्रण-संदेश हरवण्याची शक्यता डेटा हरवण्याच्या शक्यतेत मिळवली जाते. डेटा लाखात एकदा चुकावा आणि त्याची परवानगी मात्र शंभरात एकदा हरवावी, याला अर्थ नाही.

कोडिंग निवडताना पहिल्या प्रेषणासाठी १० टक्के त्रुटीचे नेहमीचे लक्ष्य सोडावे लागते. मुदतीत किती प्रयत्न बसतात ते आधी मोजले असेलच. एकच बसत असेल तर लक्ष्य एक लाखात एक, दोन बसत असतील तर पहिल्याला शंभरात एक आणि दुसऱ्याला हजारात एक अशी विभागणी होऊ शकते. एनआरमध्ये एक लाखात एक या लक्ष्यासाठी वाहिनीच्या गुणवत्तेचा वेगळा तक्ता आणि कमी कार्यक्षमतेचा वेगळा कोडिंग तक्ता आहे. दोन्ही एकत्र चालू करावेत.

एक सवय मात्र येथे मोडावी लागते. पोचपावत्या पाहून कोडिंगची पातळी आपोआप सरकवणारा बाह्य वलयाचा नियम १० टक्के लक्ष्यावर छान काम करतो: अपयश आले की १ डेसिबल खाली, यश आले की एक नवमांश डेसिबल वर. तोच नियम एक लाखात एक या लक्ष्यावर लावला, तर एका अपयशानंतर मूळ जागी यायला ९९,९९९ यशे लागतात. तोवर वाहिनी कितीतरी वेळा बदललेली असते. म्हणून कडक लक्ष्यासाठी मोजलेल्या हस्तक्षेपाच्या वितरणातून ठरावीक सुरक्षा-अंतर काढून तेच वापरणे योग्य ठरते. शेजारच्या केंद्राचा ट्रॅफिक उसळत-ओसरत असल्याने काही मिलिसेकंदांपूर्वीचे गुणवत्ता-मापन जुने झालेले असते, आणि ते अंतर त्यासाठीच लागते.

नवा प्रवाह स्वीकारताना

वरचे सर्व केल्यावरही दार उघडे ठेवले तर व्यवस्था कोसळते. प्रत्येक नव्या तातडीच्या प्रवाहाला प्रवेश देण्याआधी, सर्व प्रवाहांची पॅकेटे एकाच क्षणी आली आणि सर्वांची वाहिनी त्यांच्या नेहमीच्या वाईट पातळीवर असली, तर मुदतीच्या आत लागणारे ब्लॉक उपलब्ध आहेत का, हे तपासावे. नसतील तर प्रवाह नाकारावा किंवा त्याला सैल मुदत द्यावी. नियमित प्रवाहांच्या वेळा एकमेकांपासून थोड्या सरकवता आल्या तर त्याच जागेत अधिक प्रवाह बसतात, आणि यंत्रांच्या बाजूला अशी विनंती मान्य होण्याजोगी असते.

वाय-फायमध्ये

वाय-फायमध्ये माध्यम सामाईक असल्यामुळे हमी कमकुवत असते, पण मोठी चूक सहज टाळता येते. एकच लांब फ्रेम ५.४८४ मिलिसेकंदांपर्यंत हवा अडवू शकते, म्हणून मुदत लहान असेल तर सर्वसाधारण डेटाच्या प्रेषणाची कमाल लांबी कमी करावी. रांगा ड्रायव्हरमध्ये साचू न देता एफक्यू-कोडेलसारख्या, प्रवाह वेगळे ठेवणाऱ्या रांगेत ठेवाव्यात आणि उपकरणांना पॅकेटांच्या संख्येऐवजी हवेतला वेळ समान वाटावा. ८०२.११एएक्समध्ये (वाय-फाय ६ मध्ये) २० मेगाहर्ट्झचे नऊ छोटे भाग करून अॅक्सेस पॉइंट अपलिंकची वेळ ठरवू शकतो. लहान पॅकेटांसाठी ते चालू करावे. वाय-फाय ७ मधील राखीव जाग-वेळ (ठरावीक उपकरणांसाठी राखून ठेवलेला काळ) स्वतःच्या नेटवर्कमधल्या उपकरणांना आवरते. शेजारच्या परक्या नेटवर्कला मात्र ती आवरत नाही.

मोजमाप

सरासरी विलंब नोंदवून काही कळत नाही. एक लाखात एक ही पातळी तपासायची असेल तर निदान एक कोटी पॅकेटे हवीत, म्हणजे हुकलेल्या मुदतींची अपेक्षित संख्या शंभराच्या आसपास येते आणि आकड्यावर थोडा भरवसा ठेवता येतो. दर २ मिलिसेकंदांनी एक पॅकेट या गतीने एक कोटी पॅकेटांना सुमारे साडेपाच तास लागतात; पाच मिनिटांच्या चाचणीवर विसंबू नये. एकेरी विलंब मोजताना दोन्ही टोकांची घड्याळे पीटीपीने (नेटवर्कवरून घड्याळे अचूक जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) जुळवावीत, कारण जाण्या-येण्याच्या एकूण वेळेचा निम्मा घेतला तर अपलिंकची निम्मी प्रतीक्षा डाउनलिंकच्या माथी मारली जाते.

प्रत्येक पॅकेटसाठी वेळेचे पाच ठसे ठेवावेत: रांगेत आले, परवानगी मिळाली, पहिले प्रेषण सुरू झाले, यशस्वी डीकोड झाले आणि वरच्या प्रोटोकॉल-थराला सुपूर्द झाले. शेवटच्या दोन ठशांमध्ये अंतर दिसले तर शेड्युलर निर्दोष आहे. क्रम लावण्याचा पीडीसीपीचा (रेडिओच्या वरच्या, पॅकेटे क्रमाने सोपवणाऱ्या प्रोटोकॉलचा) टायमर आधीचे हरवलेले पॅकेट येण्याची वाट पाहत आहे, आणि तो मुदतीपेक्षा लहान करावा लागेल. पहिल्या दोन ठशांमधले अंतर नियमितपणे दहा-वीस मिलिसेकंदांवर जात असेल, तर उपकरणाची वीज वाचवणारी झोप किंवा मागणी-संदेशाचे लांब आवर्तन तपासावे. आणि हुकलेल्या मुदती मोजताना सलग किती हुकल्या याची वेगळी नोंद ठेवावी, कारण नियंत्रण-यंत्रणा सुटी सुटी हरवलेली शंभर पॅकेटे सहज पचवते, पण सलग तीन हरवली की सुरक्षिततेसाठी यंत्र बंद करते, आणि टक्केवारीच्या तक्त्यात या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.